घरच्या सिंगल फेज जोडणीवर थ्री फेज लेथ चालवताना

बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलेला जुना लेथ किंवा पिलर ड्रिल घरी आणला, की बहुधा त्यावर थ्री फेज मोटर असते आणि घरात मात्र २३० व्होल्टची सिंगल फेज जोडणी असते. अशा वेळी मोटर उतरवून तिच्या जागी सिंगल फेज मोटर बसवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नये. थ्री फेज मोटर कमी थरथरते, तिच्यात बिघडायला कपॅसिटर किंवा सेंट्रिफ्युगल स्विच नसतो, आणि लेथवर शेवटचा बारीक काप घेताना हा फरक कामाच्या पृष्ठभागावर दिसतो.

बरीच यंत्रे चालवायची असतील, तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून थ्री फेज जोडणी घेणे योग्य ठरते. एक-दोन यंत्रे असतील आणि मोटर ३ एचपीपर्यंतची असेल, तर व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजपासून थ्री फेज तयार करणारा आणि फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा, बाजारात ज्याला नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात तो, पुरेसा आहे. शेतपंपाला कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटर चालवण्याची युक्ती गावोगाव ठाऊक आहे. पण पंपावरचा भार बराचसा एकसारखा असल्याने ती तिथे खपते, तर लेथवर भार दर कापागणिक बदलत असल्याने तिन्ही वायंडिंगमधला करंट असमान होतो आणि मोटर तापते.

ड्राइव्ह विकत घेण्याआधी मोटरची नेमप्लेट पुसून नीट वाचावी आणि टर्मिनल बॉक्स उघडावा, कारण खर्चाचा सारा निर्णय इथेच होतो. सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह २३० व्होल्ट घेतो आणि थ्री फेज देतो, पण तीही २३० व्होल्टचीच. आपल्याकडच्या लहान मोटरी बहुतेक वेळा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वायंडिंगचे एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेल्या असतात. म्हणजे प्रत्येक वायंडिंगवर प्रत्यक्षात सुमारे २४० व्होल्टच येतात. तीच मोटर डेल्टामध्ये, म्हणजे एका वायंडिंगचे शेवटचे टोक दुसऱ्याच्या सुरुवातीला लावून त्रिकोणात, जोडली, की प्रत्येक वायंडिंगला ड्राइव्हचे २३० व्होल्ट थेट मिळतात आणि मोटर जवळपास पूर्ण ताकदीने चालते. बॉक्समध्ये सहा टोके असतील, तर एका रांगेतली तीन टोके एकत्र जोडणाऱ्या पितळी पट्ट्या काढून त्या उभ्या बसवाव्यात: यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२ आणि डब्ल्यू१ ला व्ही२. जुन्या मोटरवर दुसऱ्या टोकांना एक्स, वाय, झेड अशी अक्षरे असतात.

बॉक्समध्ये तीनच टोके असली, तर स्टारचा सांधा आत, वायंडिंगच्या डोक्यापाशी दोऱ्याने बांधून वार्निशखाली गेलेला असतो. तो सोडवून तीन नवी टोके बाहेर काढणे रिवाइंडिंगवाल्याचे रोजचे काम आहे. वायंडिंग ठिसूळ झालेले असल्यास घरी हात घालू नये. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा असे लिहिलेले असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. मोठ्या मोटरींबाबत असे बहुधा आढळते. यंत्रावर आधीपासून सिंगल फेज मोटर असेल, तर तिला ड्राइव्ह जोडता येत नाही. मोटरच बदलावी लागते. १ एचपी, चार पोलची थ्री फेज मोटर बहुधा ८० फ्रेमची (फ्रेम म्हणजे मोटरच्या आकाराचा ठरलेला क्रमांक) असते आणि तिचा शाफ्ट १९ मिलिमीटरचा असतो. तेव्हा पुलीचा बोअर आधी मोजावा.

स्टारमध्ये १.८ अँपिअर घेणारी १ एचपीची मोटर डेल्टामध्ये सुमारे ३.१ अँपिअर घेते, म्हणून ड्राइव्ह एचपी पाहून नव्हे, तर आउटपुट अँपिअर पाहून निवडावा. इनपुटला हाच करंट बराच जास्त असतो. तेव्हा स्वतंत्र एमसीबी आणि २.५ स्क्वेअर एमएमची वायर परवानाधारक वायरमनकडून टाकून घ्यावी. अर्थिंगची वायर ड्राइव्हपासून मोटरच्या बॉडीपर्यंत आणि यंत्राच्या बेडपर्यंत न्यावी. मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने, मोटरची तपासणी करायची असल्यास ती ड्राइव्ह जोडण्यापूर्वीच करावी, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हचा जीव घेतात.

यंत्रावरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये ठेवू नये; चालू मोटर मध्येच तोडली, तर ड्राइव्हचे आउटपुट निकामी होऊ शकते. मोटरची वायर थेट ड्राइव्हला जोडावी आणि त्याच स्विचच्या संपर्कांवरून ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलना सूचना द्याव्यात. वीज गेली असता लेथ थांबावा आणि परत आली असता आपोआप सुरू होऊ नये, असेच सेटिंग ठेवावे. भारनियमनाच्या भागात हे विसरून चालणार नाही.

सेटिंगमध्ये मोटरचे व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०, डेल्टाचा करंट आणि नेमप्लेटवरील आरपीएम भरावेत. वेग घेण्यास ४-५ सेकंद द्यावेत. २० हर्ट्झच्या खाली मोटरचा स्वतःचा पंखा मंदावतो, म्हणून जाड काप घेताना वेग पट्टा बदलूनच कमी करावा. ड्राइव्हचा नॉब बारीक फरकासाठी वापरावा. करंट साध्या क्लॅम्प मीटरने मोजल्यास आकडा फसवा येतो, तेव्हा ड्राइव्हच्या डिस्प्लेवरचा वाचावा.

ड्राइव्ह लेथच्या चिपा आणि कूलंटपासून दूर, हवा खेळणाऱ्या बंद पेटीत बसवावा. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास दाब राहतो. झाकण उघडण्याआधी दहा मिनिटे थांबून मीटरने खात्री करावी. लेथचा चक आट्याचा असेल, तर थांबण्याची वेळ कमी ठेवू नये आणि रिव्हर्स बंद ठेवावा, कारण जोरात ब्रेक लागल्यास किंवा उलट फिरल्यास चक सैल होऊन स्पिंडलवरून सुटतो.