लाइट फडफडतेय? वायरमनला बोलावण्याआधीची तयारी

वायरमन दारात आला की लाइट शहाण्यासारखी चालते. "आता तर बरी चालू हाय की," म्हणून तो चहा घेऊन जातो आणि रात्री फडफड पुन्हा सुरू. म्हणून त्याला फोन लावण्याआधी हाताशी एक कागद हवा. तो मीटरपाशी टांगा. लाइट हलली की वेळ लिहा, कुठल्या खोलीत हलली ते लिहा, आणि त्याच क्षणी घरात काय सुरू झालं ते तर विसरूच नका: बोअरची मोटर, कूलर, फ्रीज, गीझर. बाहेर वारं होतं का, तेही.

शेजारी विचारून घ्या. त्यांचीही लाइट त्याच वेळी हलत असेल तर स्वतःच्या भिंती उकरण्यात अर्थ नाही. मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी नळ आठवड्यानं येतो, आणि आला की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. खेड्यात रब्बीचे पंप त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असले तर तिथंही तेच. सुरू होताना मोटर नेहमीच्या ५-६ पट करंट ओढते, त्यामुळे दिवे क्षणभर मंदावून सावरतात. एवढ्यानं घाबरू नका. पण व्होल्टेज तासन्‌तास पडून राहत असेल तर तक्रार करायचीच. घरात २३० व्होल्ट अपेक्षित, त्यात सहा टक्के खालीवर, म्हणजे साधारण २१६ ते २४४. हे मोजायला प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर आणून ठेवा. टेस्टर फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आहे एवढं सांगतो, व्होल्ट किती ते नाही.

एक खूण मात्र कागदावर लिहीत बसायची नाही. काही दिवे मंद, काही भलतेच लखलखीत, पंखा सुसाट. किंवा तुमच्याकडे अंधूक आणि शेजारी डोळे दिपतील असा उजेड. अशा वेळी न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटलाय किंवा ढिला झालाय असंच धरून चाला. मग दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत वेडेवाकडे वाटले जातात आणि टीव्ही, फ्रीज जळायला वेळ लागत नाही. आधी मेन स्विच बंद, मग महावितरणला फोन. १९१२ हा नंबर आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा. अंधारात बिल सापडत नसतं.

एकच दिवा हलत असेल तर काम सोपं. बटन बंद करून तो बल्ब दुसऱ्या खोलीत लावा. तिथंही फडफडला तर बल्बच गेलाय. स्वस्तातले एलईडी आतला ड्रायव्हर बिघडला की असेच चालू-बंद होतात. तिथं नीट चालला तर होल्डरच्या पिना दबल्यात किंवा बटन आतून जळालंय. जुनी चोकवाली ट्यूब असेल तर आधी स्टार्टर बदला. बटन बंद असूनही एलईडी मिणमिणत असेल तर वायरमनला मुद्दाम सांगा: कधीकधी बटन फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं निघतं, आणि मग बंद दिव्याच्या होल्डरमध्येही करंट असतो.

एका खोलीतले सगळेच दिवे हलत असतील तर संशय बोर्डातल्या ढिल्या स्क्रूवर घ्या. बोर्ड गरम लागतो का, तडतड ऐकू येते का, जळका वास किंवा काळा डाग आहे का, हे बाहेरूनच बघा. यातलं काहीही असलं तर त्या खोलीचा एमसीबी (लाइट तोडणारा खटका) पाडून ठेवा, वायरमन उद्या येणार असला तरी.

पूर्ण घर वाऱ्याबरोबर फडफडत असेल तर बहुतेक वेळा सर्व्हिस वायरचा, म्हणजे खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या वायरचा, खांबावरचा किंवा मीटरजवळचा जोड सैल असतो. अॅल्युमिनियमला तांबं नुसतं पीळ देऊन जोडलं की तिथं गंज धरतो, जोड तापतो. मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, पुढचं आपलं. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. आणि काठीनं वायर हलवून लाइट 'आणायची' जी सवय गावोगावी आहे, ती तर बंदच करा. ओली काठी आणि सोललेली वायर यांची गाठ कधी पडेल सांगता येत नाही.

वायरमन यायच्या दिवशी बोर्डाखालचं कपाट सरकवा, लाकडी स्टूल आणि चार्ज केलेली बॅटरी काढून ठेवा, कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा ते पट्टी चिकटवून लिहा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याला आल्या आल्या सांगा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या वायरींत करंट राहतोच, तेव्हा तोही बंद हवा. न्यूट्रल लिंकचे (सगळे न्यूट्रल जिथं जोडलेत ती पट्टी) आणि एमसीबीचे सगळे स्क्रू त्याच्याकडूनच आवळून घ्या, अर्थिंगही तपासायला सांगा. काम झाल्यावर लगेच निरोप देऊ नका: मोटर, कूलर, गीझर अर्धा तास सोबत चालवा, आणि सगळं बंद केल्यावर आवळलेल्या जागा कुठे तापल्यात का ते त्यालाच बघू द्या.