पहिलटकरीण कुत्रीचं बाळंतपण: घरी काय करावं आणि दवाखाना कधी गाठावा

कोवळ्या वयाची कुत्री गाभण राहिली की घरच्यांची धांदल उडते. तिला स्वतःलाच काय चाललंय ते कळत नसतं. तरी बहुतेक कुत्र्या माणसाच्या मदतीशिवाय सुखरूप वितात. आपल्याकडे तीनच गोष्टी येतात: ऊब, शांतता आणि घड्याळावर लक्ष. यातली तिसरी सहज विसरली जाते आणि त्यामुळेही पिल्लं दगावू शकतात.

आधीची तयारी

गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. मिलनाच्या तारखेपासून मोजलं तर ५८ ते ६८ दिवसांत कधीही. ५५ दिवस उलटले की डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्या. पिल्लं किती आहेत ते कळतं, म्हणजे एखादं आत अडकलंय का, हा प्रश्न रात्री तीन वाजता पडत नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना आणि तिथे न्यायला गाडी, दोन्ही आधीच ठरवा. आणि कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका. गाभणपणात जादा कॅल्शियम दिलं, तर व्याल्यानंतर तिच्या शरीराला हाडांतलं कॅल्शियम वापरता येत नाही आणि झटके येण्याचा धोका वाढतो.

वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात एक खोकं ठेवा. ती आडवी पसरू शकेल एवढं मोठं आणि तिला ओलांडता येईल पण पिल्लांना येणार नाही एवढ्या उंचीचं. खाली वर्तमानपत्रं, वर जुनी सुती चादर. आठवडाभर आधीपासून तिला तिथे झोपायची सवय लावा, नाहीतर ती पलंगाखालीच जाऊन विणार. जवळ स्वच्छ टॉवेल, उकळलेली कात्री, जाड दोरा, पोव्हिडोन आयोडीन, थर्मामीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि वही-पेन असू द्या.

कळा सुरू होताना

शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा. एरवी तो १०१ ते १०२ फॅरनहाइट असतो. ९९च्या खाली उतरला, तर बहुधा चोवीस तासांत ती विते. मग ती चादर उकरते, धापा टाकते, खाणं सोडते, थरथरते. पहिलटकरणीत हे दिवसभरही चालतं. तिचा ज्याच्यावर जीव आहे असं एकच माणूस जवळ बसावं. शेजारची मुलं आणि मोबाईलचा फ्लॅश दूरच बरे.

पिल्लू बाहेर येतं तेव्हा

पिल्लू पिशवीतच येतं, ओलं, काळपट, पाणी भरलेल्या फुग्यासारखं. आधी पाय आणि शेपूट आली तरी घाबरू नका, कुत्र्यांत ते नेहमीचं आहे. जाणती कुत्री पिशवी लगेच फाडते, पिल्लू चाटते, नाळ तोडते. पहिलटकरीण कधी दचकून उठते आणि मागे काय पडलं ते नुसतं बघत राहते. मनात तीस आकडे मोजा. तोवर तिने काही केलं नाही, तर नाकाजवळून पिशवी बोटांनी फाडा, तोंड-नाक पुसा, डोकं किंचित खाली धरून टॉवेलने अंग खसाखसा चोळा. ते ‘च्यां’ करून ओरडलं की सुटलात. झोके देण्याची जुनी पद्धत नको, मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभरावर बांधा, गाठीच्या पलीकडे कापा, टोकाला आयोडीन लावा. मग पिल्लू लगेच तिच्या तोंडाशी ठेवा. वास घेतला, चाटलं, की बहुतेकींना पुढचं आपोआप उमगतं.

प्रत्येक पिल्लाची वेळ आणि पडलेली वार (नाळेच्या दुसऱ्या टोकाचा मांसल भाग) वहीत लिहा. जितकी पिल्लं तितक्या वारा पडायला हव्यात. तिने एखाद-दोन खाल्ल्या तर चालतं, जास्त खाल्ल्या तर जुलाब होतात.

जोरदार कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू नाही, पुढचं येण्यात दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. अडकलेलं पिल्लू ओढू नका. कळा वाढवायचं इंजेक्शन डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कुणाकडूनही टोचून घेऊ नका. वाट अडलेली असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

पहिले दोन आठवडे

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिला आठवडा खोक्यात ३० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब हवी. कोकणातल्या मे महिन्यात काही करावं लागत नाही. नाशिकच्या थंडीत एका बाजूला बल्ब किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, दुसरी बाजू मोकळी सोडा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड पोटात दूध पचत नाही.

पहिल्या दिवसातच प्रत्येकाला चीक मिळाला पाहिजे. रोज एकाच वेळी वजन करा. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं अडलं तर त्याला भरल्या सडाशी लावा. वरचं दूध लागलंच, तर गाईचं नको, पिल्लांसाठीची पावडर आणा आणि पिल्लाला पालथं ठेवूनच पाजा. उताणं पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं.

आईला भरपूर पाणी आणि पिल्लांसाठीचं खाद्य दिवसातून तीन-चारदा द्या. सड कडक, लाल, गरम झाले, स्रावाला घाण वास आला किंवा ताप चढला, तर डॉक्टरांना दाखवा. पिल्लं दोन-चार आठवड्यांची असताना ती अचानक धापा टाकू लागली, पाय ताठ टाकून चालली, थरथरली, तर कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. पिल्लं बाजूला काढा आणि तासाभरात दवाखान्यात पोचा.

डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, मऊ खाणं तीन-चार आठवड्यांपासून, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणालाही देऊ नका. आणि दूध आटलं की आईची नसबंदी करून घ्या, पुढचा माज यायच्या आत.