मेंदूज्वराचा संशय आणि स्कॅन : या चुका टाळा

ताप आहे, पेशंट असंबद्ध बोलतोय, एक फिट येऊन गेली. सीटी होतो, 'रिपोर्ट नॉर्मल' आला म्हणून सगळे निर्धास्त होतात. सर्वांत घातक चूक हीच. हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूच्या मेंदूज्वरात, म्हणजे त्याने मेंदूला आलेल्या सुजेत, सुरुवातीच्या दिवसांत सीटी पुष्कळदा स्वच्छ दिसतो. रक्तस्राव किंवा मोठी गाठ पटकन ओळखायला तो चांगला. ही सूज लवकर पकडायला एमआरआयच हवा, आणि त्यात डिफ्यूजन व फ्लेअर हे सूज ठळक दाखवणारे फोटो हवेतच. पहिल्या एक-दोन दिवसांत क्वचित एमआरआयही नॉर्मल येतो. लक्षणं कायम असतील तर काही दिवसांनी पुन्हा करावा.

एमआरआय जिल्ह्याच्या गावाला, नंबर उद्याचा. तोवर असायक्लोव्हिर हे हर्पीसवरचं औषध अडवून ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतो. मेंदूज्वर करणाऱ्या बहुतेक विषाणूंवर नेमकं औषध नाही, हर्पीसवर आहे. उशीर होईल तसा जिवाचा धोका वाढतो, आणि वाचलेल्याची स्मृती कायमची अधू होऊ शकते. किडनीकडे लक्ष ठेवून ते शिरेतून दर ८ तासांनी द्यायचं. दोन-चार डोस गेल्याने स्कॅनमधल्या खुणा पुसल्या जात नाहीत.

फॉर्मवर नुसतं 'डोकेदुखी' लिहू नका. ताप किती दिवसांचा, फिट आल्या का, प्रतिकारशक्ती कमी आहे का, हे रेडिओलॉजिस्टला कळायला हवं. टीबीची शंका असेल तर कॉन्ट्रास्टही (शिरेतून देऊन फोटो ठळक करणारं औषध) लागतो. आणि पेशंट तळमळत असेल तर देखरेखीखाली झोपेचं औषध द्या. हललेल्या फोटोवरून निदान करायला जाऊ नये.

चित्रावरून थेट विषाणूचं नाव ठरवणं ही अनुभवी माणसांकडूनही होणारी चूक. टेम्पोरल लोब (मेंदूचा कानाजवळचा भाग) आणि त्याला लागून आत असलेल्या इन्सुलात, एका बाजूला जास्त बदल दिसले की हर्पीस आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण सतत फिट येत राहिल्यानेही तिथे तशीच सूज दिसते, ऑटोइम्यून आजारातही (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तेव्हा) दिसते. दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागातले दोन गोळे) सुजलेले असतील आणि पेशंट भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यातला असेल तर जपानी मेंदूज्वर मनात येतो. डेंग्यूतही असंच चित्र दिसू शकतं. नाव ठरतं ते रक्ताच्या आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीवर. म्हणून 'एमआरआय झाला, आता पाणी कशाला काढता?' असं म्हणून ती टाळू नका. त्या पाण्याची हर्पीसची पीसीआरसुद्धा (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पहिल्या ३ दिवसांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते. संशय दाट असेल तर औषध चालू ठेवून ३ ते ७ दिवसांत ती पुन्हा करतात.