जुनं व्हिडिओ गेमचं मशीन सापडलंय? रंग मारायच्या आधी किंमत काढा

दिवाळीच्या आधी गोदामं, माळे, बंद पडलेली दुकानं आवरली जातात आणि कोणाकडे तरी जुन्या पार्लरमधलं एखादं मशीन निघतं. मग फोटो येतो, "राव, ह्याचे किती येतील?" आणि फोटोच्या खालीच अमेरिकेतल्या कुठल्यातरी पॅक-मॅनची डॉलरमधली किंमत चिकटवलेली असते. आता ते १९८० चं मशीन, त्याच्या मूळ कपाटात, मूळ चित्रांसकट उभं आहे, आणि आपलं म्हणजे सुताराकडून प्लायवूडचं कपाट करून घेतलेलं, वर सनमायका, आत टीव्हीची ट्यूब. दोन्ही जुनी आहेत एवढंच काय ते साम्य.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की एका मशीनमध्ये दोन वेगळे माल असतात. गेमचा बोर्ड, म्हणजे गेमच्या चिपा बसवलेली सर्किटची प्लेट, कुरिअरने जगात कुठेही जातो, म्हणून त्याला जगाचा भाव आहे. कपाट कुठे जात नाही, शंभर किलोचं धूड फार तर पिंपरीपर्यंत जाईल, म्हणून त्याला पुण्याचा भाव. दोन्ही वेगवेगळं मोजायचं आणि मग बेरीज करायची. लोक हे एकत्र करतात आणि मग एकतर भंगाराच्या भावात देऊन टाकतात नाहीतर दोन वर्षं गिऱ्हाईकाची वाट बघत बसतात.

आणि तोपर्यंत दुरुस्ती काहीही करू नका. कोरड्या फडक्याने धूळ पुसा, बास. नवा रंग मारलेल्या मशीनच्या आत काय लपलंय हे घेणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे तो भाव पाडूनच मागतो.

बोर्ड बघायला मागचं दार उघडायच्या आधी प्लग काढा. पिक्चर ट्यूबवर जी रबरी टोपी असते तिच्याखाली वीसेक हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही चार्ज बराच वेळ राहतो, तिकडे बोट न्यायचं नाही, ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाचं. बोर्ड सहसा तळाशी किंवा बाजूच्या फळीवर स्क्रूने बसवलेला असतो. ५६ पिनांची लांब पट्टी त्याच्या कडेला घुसवलेली दिसली तर ते जामा वायरिंग, जपानी कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास ठरवलेलं स्टँडर्ड, आणि ही चांगली बातमी आहे कारण दुसरा कुठलाही जामा बोर्ड त्यात लावून मशीन तपासता येतं.

आता खरा प्रश्न, बोर्ड ओरिजिनल की कॉपी. आपल्याकडे कॉपीच जास्त भेटतात हे धरून चाला. ज्याला सगळं पुणं 'मुस्तफा' म्हणायचं तो गेम म्हणजे कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पिवळ्या कपड्यातल्या मुस्तफावरून नाव पडलं, पण 'माझ्याकडे मुस्तफा आहे' याने किंमत ठरत नाही, कुठल्या बोर्डावर आहे याने ठरते. कॅपकॉमचा त्या काळातला ओरिजिनल बोर्ड, म्हणजे १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू वगैरेचा, एकावर एक तीन थरांचा असतो आणि प्लेटवरच कंपनीचं नाव छापलेलं असतं. कॉपीवर नाव नसतं, चिपांवर पेनाने आकडे लिहिलेली पांढरी स्टिकरं, मागच्या बाजूला आडव्यातिडव्या जोडलेल्या वायरी. काही चिपांना मध्ये काचेची बारीक खिडकी असते, त्यावरचं स्टिकर उचकटून बघायची हौस नको, खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश गेला की आतला प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो. आणि नुसत्या खिडकीवाल्या चिपा दिसल्या म्हणून कॉपी असंही नाही, ओरिजिनलमध्येही असतात.

बॅटरी शोधा. एसएनके या जपानी कंपनीचं निओ जिओ मशीन, १९९० पासूनचं, ज्यात कॅसेट बदलून गेम बदलतो, त्याच्या मदरबोर्डवर रिचार्जेबल बॅटरी असते आणि ती फुटून आजूबाजूचं तांबं खाते. हिरवट-पांढरी पावडर दिसली की बोर्डाचा भाव अर्ध्याखाली धरा. कॅपकॉमच्या नंतरच्या, रंगीत प्लॅस्टिकच्या डब्यातल्या बोर्डांची गंमत उलटी, तिथे बॅटरी संपली की गेम सुरूच होत नाही. तो आता जाणकाराकडून जिवंत करून घेता येतो, त्यामुळे मेलेला बोर्ड फुकटात देऊ नका. आणि आत नवाकोरा, शेकडो गेमवाला चायनीज बोर्ड निघाला तर बोर्डाच्या खात्यात जवळपास शून्य लिहा, तो कोणालाही नवा मिळतो.

ट्यूबचं म्हणाल तर आता गेमच्या कामाच्या नव्या ट्यूब कोणी बनवत नाही, म्हणून चांगली ट्यूब हीच कपाटातली सगळ्यात महाग वस्तू. मशीन बंद असताना काचेवर तिरका टॉर्च मारा, वर्षानुवर्षं एकच गेम चालला असेल तर त्याचा स्कोअर किंवा भिंती काचेत जळून बसलेल्या दिसतात. मग मागून, हात न लावता, ट्यूबच्या बारीक मानेत बघा. आतल्या काचेवर चंदेरी-काळपट डाग हवा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, ट्यूब गेली, पुढे काही तपासायची गरज नाही.

चालू करून बघायचंच असेल तर थेट २३० मध्ये प्लग खुपसू नका. बाहेरून आलेली काही मशीनं ११० व्होल्टची असतात, मागची पाटी वाचा. बोर्डाची पट्टी काढून ठेवा, इलेक्ट्रिशियनकडचा सिरीज बल्ब, म्हणजे मशीनच्या वायरीत मध्येच जोडायचा बल्ब, लावा, सप्लाय सुरू झाला की बल्ब काढून मल्टिमीटरने ५ व्होल्ट नीट येतायत का बघा आणि मगच पट्टी परत लावा. स्क्रीनवर कचरा, म्हणजे विस्कटलेलं चित्र, दिसला तरी निराश होऊ नका, कचरा दिसणारा बोर्ड पूर्ण शांत बोर्डापेक्षा बरा.

कपाटाचं पटकन. तळाकडचा चार बोटं उंचीचा भाग दाबून बघा, पुण्याच्या पावसात तळ फुगतो, वाळवी लागते, उंदीर वायरी खातात. परदेशी कपाट असेल तर मूळ चित्रं आणि सिरीयल नंबरची पाटी, फाटकी असली तरी, नव्या प्रिंटपेक्षा मोलाची. देशी कपाटावर साइनबोर्ड पेंटरने हाताने रंगवलेली वरची काच असेल तर माझ्या मते तीच ठेवावी, बाकीचं टिंबर मार्केटमधून परत होतं. जॉयस्टिक-बटणांची काळजीच नको, ती बदलता येतात.

आता हिशोब. समजा तसंच चालू, स्वच्छ मशीन इथे पन्नास हजाराला गेलं. गेलं म्हणजे खरंच विकलं गेलं, जाहिरातीत लिहिलेला आकडा नव्हे, जाहिरातीत काय कोणीही काहीही लिहितो. त्यातून ट्यूबचं काम सहा, सुतार आठ, बटणं-वायरिंग पाच, टेम्पो-हमाली तीन असे बावीस काढा, राहिले अठ्ठावीस. मशीन चालू करून दाखवता येत नसेल तर घेणारा अजून आठेक हजार धोक्याचे कापणार, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणजे वीसच्या आसपास. मग बोर्ड वेगळा विकला तर त्याचे किती येतात ते बघा. बोर्डाचे एकट्याचे पंचवीस येत असतील तर मशीन अख्खं विकायचा हट्ट कशाला? बोर्ड वेगळा, कपाट वेगळं. उलट कॉपी बोर्ड असेल तर अख्खंच विका, सुटं कोणी घेत नाही.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी विचारून भाव कळेल असं वाटत असेल तर तिथे तांब्या-लोखंडाचा भाव कळतो, म्हणजे तळाचा आकडा. तोही माहीत असलेला बरा.

घेणारे तुम्ही असाल तर टोकन द्यायच्या आधी दाराची रुंदी मोजा, पेठांतल्या वाड्यांच्या जिन्यावरून हे कपाट वळत नाही. मशीन उभंच न्यायचं, बोर्ड काढून बबल रॅपमध्ये स्वतःजवळ ठेवायचा, आणि निघायच्या आधी मालकासमोर चालू मशीनचा व्हिडिओ काढायचा, कारण टेम्पोतून उतरल्यावर "आमच्याकडे तर चालत होतं" यावरून होणारी भांडणं मिटत नाहीत.