मोल्टन सॉल्टमधून टायटॅनियम येईना? करंट वाढवायच्या आधी या चुका टाळा

वितळलेल्या सॉल्टमध्ये वीज सोडून टायटॅनियम धातू काढताना कॅथोडवर (ऋण टोकावर) टायटॅनियमच्या जागी काळी भुकटी आली, किंवा काहीच आलं नाही, की प्रोजेक्टवाली पोरं थेट पॉवर सप्लायकडं धावतात, करंट वाढव, कमी कर, परत वाढव, हेच चाललेलं असतंय. माझं म्हणणं असं की करंट सगळ्यात शेवटी बघायचा. बिघाड बहुतेक वेळा सॉल्टमधल्या पाण्यात असतोय नाहीतर टायटॅनियमच्या व्हॅलन्समध्ये (त्याच्या आयनावर किती धन भार आहे त्यात), आणि ते सुधारल्याशिवाय नॉब कितीही फिरवा, भुकटीच येणार.

आधी पाणी बघू, कारण आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. लिथियम-पोटॅशियम क्लोराइडच्या मिश्रणातलं लिथियम क्लोराइड वजन करेपर्यंत ओलसर होतंय. मग लोक ते ओव्हनमध्ये १०० डिग्रीला रात्रभर ठेवतात आणि सुकलं म्हणतात. तसं पूर्ण सुकत नाही. आणि घाई करून एकदम ५०० डिग्रीला नेलं तर आतलं पाणी क्लोराइडशीच रिअॅक्शन करतंय, एचसीएलचा धूर निघून जातो आणि मागं हायड्रॉक्साइड, ऑक्साइड राहतंय, ते मेल्टमधल्या (वितळलेल्या सॉल्टमधल्या) टायटॅनियमला धरतंय आणि गाळ होऊन तळाला बसतंय. व्हॅक्यूम लावून सावकाश २०० ते ३०० डिग्रीपर्यंत न्या, तिथं काही तास थांबा, मग आर्गॉनखाली वितळवा. टायटॅनियम घालायच्या आधी टंगस्टनची तार कॅथोड म्हणून लावून प्री-इलेक्ट्रोलिसिस करा (उरलेली ओल आणि अशुद्धी विजेनं काढून टाका), मागं उरणारा (रेसिड्युअल) करंट खाली येऊन स्थिर होईपर्यंत. पावसाळ्यात करायचंच असेल आणि भट्टी ७५० डिग्रीपर्यंत जात असेल तर सरळ सोडियम-पोटॅशियम क्लोराइड घ्या. समान मोल घेतले तर ते साधारण ६६० ला वितळतंय, म्हणजे लिथियम-पोटॅशियमच्या ३५५ पेक्षा बरंच वर, पण ओल कमी धरतंय.

गॅसचं पण तसंच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगवाल्यांकडं आर्गॉन सहज मिळतो, पण तो थेट सोडू नका, मॉलिक्युलर सीव्हमधून (ओल शोषणारे दाणे) आणि पुढं तापलेल्या टायटॅनियम स्पंजच्या (सच्छिद्र टायटॅनियम धातूच्या) नळीतून नेऊन मग भट्टीत घ्या. स्वस्त पडतो म्हणून नायट्रोजन तर अजिबात नको, तापलेलं टायटॅनियम नायट्रोजन खातंय आणि नायट्राइड होऊन बसतंय.

आता व्हॅलन्स, इथं खरी गोची आहे. टायटॅनियम मेल्टमध्ये ४, ३ आणि २ अशा तीन अवस्थांत राहतंय. टायटॅनियम टेट्राक्लोराइडचा उकळबिंदू १३६ डिग्री, ४५० च्या क्लोराइड मेल्टमध्ये ओतलं की बरंचसं उडूनच जातंय, वर पांढरा धूर दिसतो. आणि ३ व्हॅलन्सचं घातलं तरी काम संपत नाही, ते कॅथोडवर २ होतंय, अॅनोडकडं जाऊन परत ३ होतंय, नुसत्या येरझाऱ्या, मीटर करंट दाखवतोय पण धातू शून्य. यावर उपाय म्हणजे टायटॅनियम स्पंजची टोपली मेल्टमध्ये आधीच काही तास बुडवून ठेवायची, ३ व्हॅलन्सचे दोन आयन आणि धातूचा एक अणू मिळून २ व्हॅलन्सचे तीन आयन होतात. तोच स्पंज पुढं अॅनोड म्हणून पण चालतोय, मग क्लोरीन सुटायची भानगडच नाही. ग्रॅफाइट अॅनोड वापरलात तर क्लोरीन निघणारच, कॉस्टिकचा स्क्रबर (क्लोरीन शोषून घेणारं कॉस्टिक सोड्याचं भांडं) लावल्याशिवाय स्विच टाकू नका.

हिशोबातली चूक पण इथलीच. २ व्हॅलन्सपासून एका अँपिअर-तासाला ०.८९ ग्रॅम टायटॅनियम यायला पाहिजे, ३ पासून ०.६० आणि ४ पासून ०.४५. बाथमध्ये काय आहे ते न बघता करंट एफिशियन्सी (दिलेल्या करंटातला किती धातू काढण्यात गेला) काढली तर आकडा फसवा येतोय. सीव्हीमध्ये (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज पुढं-मागं फिरवून करंटचा आलेख काढणं) पण पहिली रिडक्शन वेव्ह दिसली की धातू आला म्हणून त्याच व्होल्टेजवर तासन्‌तास बसतात, ती बऱ्याचदा ३ वरून २ ची असते. धातू बसत असेल तर परतीच्या स्वीपमध्ये उंच, टोकदार स्ट्रिपिंग पीक (बसलेला धातू परत विरघळताना येणारं करंटचं टोक) येतोच, तो शोधा. वर्किंग इलेक्ट्रोड (ज्यावर मोजमाप करतो तो) मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनचा घ्या, निकेल टायटॅनियमशी मिश्रधातू करतंय आणि पीक सरकवतंय.

चालू क्लोराइड बाथमध्ये मधेच पोटॅशियम फ्लुओटायटॅनेट (टायटॅनियम आणि फ्लुओराइड असलेलं सॉल्ट) घालू नका. फ्लुओराइडमुळं ३ व्हॅलन्स जास्त टिकाऊ होतंय, मग २ व्हॅलन्सचं टायटॅनियम मेल्टमध्येच फुटून बारीक धातू आणि ३ व्हॅलन्स बनतंय, सगळीकडं काळी भुकटी. वर क्वार्ट्झची नळी फ्लुओराइड कुरतडतंय ते वेगळंच.

लिथियम-पोटॅशियम मेल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड टाकून वाट बघणारे पण भेटतात. ते त्यात विरघळत नाही. केंब्रिजची २००० साली जाहीर झालेली एफएफसी (फ्रे-फार्दिंग-चेन) पद्धत वेगळी आहे, तिथं ऑक्साइडची वडीच कॅथोड असते, साधारण ९०० डिग्रीच्या वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये तिच्यातला ऑक्सिजन काढला जातो.

क्रुसिबल फाउंड्रीच्या दुकानातून आणत असाल तर क्ले-ग्रॅफाइटचं नको, त्यातली सिलिका मेल्टमध्ये उतरून डिपॉझिट खराब करते. ईडीएमवाल्यांकडं (विजेच्या ठिणगीनं धातू कोरणाऱ्यांकडं) घट्ट दाण्याचं ग्रॅफाइट असतंय, त्यातून कोरून घेतलं तर उत्तम. सॉल्ट वितळताना फुगतंय, म्हणून आत सॉल्ट गोठलेलं अॅल्युमिना क्रुसिबल परत तापवताना खालून जोरात आच दिली की तडा गेलाच समजा, वरून आधी वितळू द्या.

एवढं सगळं नीट असेल तर आता करंट बघा. जास्त करंट डेन्सिटीला (कॅथोडच्या दर चौरस सेंटिमीटरला जाणारा करंट) झाडासारख्या फांद्या फुटतात आणि त्यात सॉल्ट अडकतंय, कमी डेन्सिटी किंवा पल्स (थांबून थांबून सोडलेला) करंट वापरला की थर घट्ट बसतोय.

डिपॉझिट गरम असताना हवेत काढू नका, आर्गॉनखाली पूर्ण थंड होऊ दे, मग पातळ एचसीएल आणि डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, व्हॅक्यूममध्ये वाळवा. बारीक वाळलेली भुकटी ठिणगीनं पेटतेय. पेटली तर पाणी मारायचं नाही, सीओटूचा सिलिंडर पण नाही, टायटॅनियम सीओटूमध्ये सुद्धा जळतंय. धातूच्या आगीचं डी क्लासचं एक्स्टिंग्विशर नाहीतर पूर्ण कोरड्या वाळूची बादली टेबलाशेजारी भरून ठेवा, भट्टी चालू करायच्या आधी.