डीबग की साधा लॉग? मेसेज टाकताना या चुका टाळा

सिस्टीम सॉफ्टवेअर लिहिताना लॉगची (प्रोग्राम चालताना काय झालं याच्या नोंदीची) एक ओळ टाकायची असते आणि ती डीबग (फक्त चुका शोधताना चालू करायची) की इन्फो (नेहमी दिसणारा साधा लॉग) हा निर्णय बरेचजण विचार न करताच घेतात, इन्फो टाकतात आणि पुढे जातात. माझ्या मते विचारायचं एकच, मशीन चालवणाऱ्या माणसाला ही ओळ वाचून काही करता येणारे का? येणार असेल तर साधा लॉग. सोर्स कोड समोर उघडा असल्याशिवाय जिचा अर्थच लागत नाही ती ओळ डीबगमध्ये.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे "सगळं ओके" सांगायला इन्फो वापरणं. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) अपेक्षाच अशी आहे की ड्रायव्हर (एखादं हार्डवेअर चालवणारा कोड) नीट चालत असेल तर त्याने गप्प राहावं. आणि यामागे कारण आहे, कर्नलचा लॉग बफर (मेमरीत लॉगच्या ओळी साठवायची जागा) छोटा असतो, बेस डिफॉल्ट 128 केबी, सीपीयू जास्त असले तर अजून थोडा, आणि तो भरला की जुन्या ओळी जातात, म्हणजे तुमच्या आनंदाच्या ओळींमुळे बूटच्या वेळची खरी एरर गायब होते आणि मग बिचारा सपोर्टवाला रात्रभर शोधत बसतो. त्यात सीरियल कन्सोल (मेसेज केबलवरून बाहेर पाठवणारा संथ मार्ग) जोडलेला असेल तर अजून वाईट, 115200 बॉड वेगाला सेकंदाला जेमतेम 11 केबी जातात, धडाधड ओळी टाकल्या तर अख्खी सिस्टीम अडखळते. फंक्शनमध्ये आलो, फंक्शनमधून बाहेर पडलो असल्या ओळी तर डीबगमध्ये पण नकोत, त्यासाठी एफट्रेस (कर्नलमधले फंक्शन कॉल नोंदवणारं टूल) आहे ना.

उलटी चूकही तेवढीच महागात पडते. डिस्कवर लिहिणं फेल झालं आणि ते डीबगमध्ये टाकलं, तर प्रॉडक्शनमध्ये डीबग बंद असतं, कोणाला काहीच कळत नाही, डेटा गेल्यावर कळतं.

मधल्या केसेसमध्ये खरी गडबड होते, म्हणजे रिट्राय (परत प्रयत्न करणं) वगैरे. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्याला जमलं, तर फसलेला प्रयत्न डीबग. सगळे प्रयत्न संपले, आता काम होणारच नाही, तेव्हा एरर. कर्नलमध्ये याचं मस्त उदाहरण आहे, ड्रायव्हरला लागणारी क्लॉक किंवा रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारा भाग) अजून तयार नसेल तर प्रोब (ड्रायव्हरने डिव्हाइस सुरू करणं) पुढे ढकलला जातो, ही चूक नाहीच, नुसतं थांबणं आहे, पण पूर्वी ड्रायव्हर तिथेही एरर छापायचे आणि लोक उगाच घाबरायचे. 2020 च्या 5.9 व्हर्जनमध्ये डेव्ह_एरर_प्रोब नावाचं फंक्शन आलं, ते स्वतःच बघतं, थांबणं असेल तर डीबग, खरं फेल असेल तर एरर.

अजून एक खतरनाक प्रकार, डीबग ओळीच्या आर्ग्युमेंटमध्येच काम करून घेणं, उदा. वाचल्यावर क्लिअर होणारं हार्डवेअरचं रजिस्टर तिथेच वाचणं. डीबग बंद असताना आर्ग्युमेंट चालतच नाहीत, त्यामुळे तुमच्या बिल्डमध्ये सगळं चालतं आणि रिलीजमध्ये इंटरप्ट (हार्डवेअरचा सीपीयूला जाणारा इशारा) अडकून बसतो. आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, मग छापा.

आता "डीबग टाकलंय पण दिसतच नाही" ही नेहमीची तक्रार. पहिलं बघा की पीआर_डीबगची (कर्नलमध्ये डीबग मेसेज छापणाऱ्या कॉलची) ओळ बिल्डमध्ये तरी आहे का, डीबग मॅक्रो किंवा डायनॅमिक डीबग (चालू सिस्टीमवर डीबग ओळी चालू-बंद करायची सोय) ऑन नसेल तर ती कंपाइल होतानाच उडते. डायनॅमिक डीबग असेल तर रीकंपाइलची गरज नाही, कंट्रोल फाइलमध्ये फाइलचं किंवा फंक्शनचं नाव आणि प्लस पी लिहिलं की तेवढ्याच ओळी चालू होतात. मग कन्सोल लेव्हल (कोणते मेसेज स्क्रीनवर येतील हे ठरवणारा आकडा) बघा, डीबगचा नंबर 7 आहे आणि कन्सोलवर ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी नंबरचेच मेसेज येतात, म्हणून तिथे 8 लागतो, पण डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) ओळ तशीही दिसायला हवी.

सर्व्हिसचे मेसेज मधूनच गायब होत असतील तर जर्नलडीचं (लिनक्समध्ये सर्व्हिसचे लॉग गोळा करणारा प्रोग्राम) रेट लिमिट तपासा, डिफॉल्ट 30 सेकंदांना 10000 मेसेज असतं (डिस्कवर जागा बरीच असेल तर जास्त), पुढचे टाकून दिले जातात आणि किती टाकले ते तोच लॉगमध्ये लिहितो. तिथे लिमिट वाढवायच्या आधी एवढे मेसेज येतायत कुठून ते शोधा, बहुतेक वेळा कोणीतरी प्रत्येक पॅकेटला एक इन्फो टाकलेला सापडतो.