‘चार्ज’ कसा वाचायचा : आधी भार शोधा

गेल्या पावसाळ्यात नंदगडकडचे एक मामा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझ्या टेबलापुढं येऊन बसले. पिशवीतून बँकेचं पत्र काढलं. नातवानं त्यातला एकच शब्द वाचून दाखवला होता, चार्ज. मामांना एकच चार्ज माहीत, चार्जशीटमधला. “हवालदार, माझ्यावर केस घातली हो. मी काय केलंय?” रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता त्यांच्या. पत्रात एवढंच होतं, की पीककर्जापोटी अमुक सर्व्हे नंबरच्या जमिनीवर चार्ज नोंदवला आहे. मी म्हटलं, “मामा, उताऱ्यावर बोजा चढलाय. कर्ज काढताना सही केली होतीत ना, तोच.” बोजा म्हटल्यावर त्यांना क्षणात कळलं.

आपल्या भागात कागद कानडीत येतो, त्यातले कायद्याचे शब्द इंग्रजी असतात आणि वाचणारा मराठी. मराठा लाइट इन्फंट्रीत मी हवालदार क्लार्क होतो. आता अर्ज लिहून देतो. या एका शब्दापायी घाबरलेली माणसं इतकी पाहिली, की तो कसा वाचायचा हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

अर्थ पाठ करत बसू नका, ते संपत नाहीत. मूळ धरा. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि चार्ज झालं. कार, कार्गो, कॅरी ही त्याचीच भावंडं. म्हणजे चार्ज म्हणजे भार घालणे. ऊस भरलेली बैलगाडी डोळ्यांपुढं आणा. कुठेही हा शब्द दिसला की तीन गोष्टी विचारा : भार कसला, घातला कुणी, आणि घातला कुणावर?

आता बघा, आपली मराठीही त्याच वाटेनं गेली आहे. जमिनीवरचा चार्ज तो बोजा. साहेबानं चार्ज घेतला तर आपण पदभार स्वीकारला म्हणतो. तात्पुरता कारभार बघणारा तो प्रभारी. विजेचा चार्ज तो विद्युतप्रभार. आणि आरोप? त्याचा मूळ अर्थच वर ठेवणे, वृक्षारोपणातला तोच आरोप. हे मला कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. इंग्रजी शब्द परका वाटेनासा झाला.

बंदुकीत दारू भरणे हाही चार्जच. ८१ मिलिमीटर मॉर्टरच्या बाँबला जास्त दारूच्या पिशव्या लावल्या की चार्जचा आकडा वाढतो आणि बाँब लांब जातो. बॅटरीचा चार्ज असाच भरण्यातून आला. १८ व्या शतकात बेंजामिन फ्रँकलिननं काचेच्या लायडन बरणीत वीज साठवण्याच्या प्रयोगांबद्दल लिहिताना हाच शब्द वापरला. मोबाइल चार्जला लावताना तुम्ही गाडीच भरत असता. संगिनी लावून शत्रूवर तुटून पडणे हाही चार्ज. तिथं भार आपल्या अंगाचा. लाठीचार्जमधला चार्ज हाच.

पैशाच्या चार्जवर फार बोलायला नको. कानडी शेजारीही ‘चार्ज एष्टु’ असंच विचारतात. एवढंच ध्यानात ठेवा, की ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे फुकट, आरोपातून सुटका नव्हे.

खरी मेख शेजारच्या लहान शब्दांत आहे. चार्जनंतर ‘फॉर’ आला तर पैसे. ‘ॲट’ आला तर अंगावर धावून जाणं. माणसापुढं ‘विथ’ आला तर बहुधा गुन्हा, पण ‘विथ द ड्यूटी’ असं असेल तर सोपवलेली जबाबदारी. म्हणून ‘विथ’च्या पुढचा शब्द वाचल्याशिवाय घाबरायचं नाही.

आणि सर्वांत फसवं : ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’. पहिल्यात आधी येणारा सांभाळणारा, दुसऱ्यात आधी येणाराच सांभाळला जाणारा. ही चूक मी स्वतः केली आहे. एका आजीच्या नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज होता. आईवडील नाहीत, पोरगा आजीकडे. मला लिहायचं होतं की मुलगा आजीच्या ताब्यात आहे. मी ‘द’ गाळला. कागदावर सहा वर्षांचं पोर आजीचं पालक झालं आणि अर्ज परत आला. त्या आजीला गावाहून पुन्हा एसटी करून यावं लागलं, कामाचा दिवस बुडवून. तेव्हापासून शंका आली की मी वाक्यच बदलतो : मुलाची काळजी आजी घेते. सोपं लिहा, अडत नाही.

पोलिसांच्या कागदात दोन चार्ज वेगळे. तपास संपवून पोलीस न्यायालयात देतात ते चार्जशीट, दोषारोपपत्र. न्यायाधीश नंतर ठरवतात तो चार्ज म्हणजे दोषारोप निश्चिती. पहिलं दाखल झालं म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही. दोषारोप ठरण्याआधी न्यायालय आरोपमुक्त करू शकतं, त्याला डिस्चार्ज म्हणतात.

डिस्चार्ज म्हणजे गाडी रिकामी करणं. दवाखान्यातून घरी सोडलं तोही डिस्चार्ज, बॅटरी उतरली तोही, आणि फौजेतून पेन्शनीवर आलो तेव्हा माझ्या हाती पडलं ते डिस्चार्ज बुक.

जमिनीचा बोजा मात्र कर्ज फिटलं म्हणून आपोआप उतरला असं धरून बसू नका. बँकेकडून बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला घ्या. त्यावर सर्व्हे नंबर बरोबर आहे का ते तिथंच उभं राहून तपासा, एक आकडा चुकला तरी हेलपाटे पडतात. बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या. मग नवी पहाणी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, काढा. तिच्यात ‘ऋणगळु’, म्हणजे कर्जं, लिहिलेला रकाना असतो. कानडी येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. नंदगडच्या मामांनी उसाचं बिल आल्यावर कर्ज फेडलं, नवी पहाणी घेऊन आले आणि त्या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.